शंका-समाधान : फ्लॉरेन्सच्या चिटणीसाचं दप्तर

मागच्या अंकात मॅकियाव्हेलीच्या ‘द प्रिन्स’वर लिहिलं, आणि या महिन्यात टेबलावर दुसऱ्या विषयाचं पत्रच नाही. काहींनी मॅकियाव्हेलीला शिव्या घातल्या आहेत, काहींनी त्याचं निमित्त करून आपल्या साहेबांना. साहेबांच्या बाबतीत मी काही करू शकत नाही. बाकीच्यांतली सहा पत्रं घेतो.

वक्तृत्व स्पर्धेत ‘साध्य चांगलं असेल तर साधन कोणतंही चालतं’ हे वाक्य मी मॅकियाव्हेलीच्या नावावर म्हटलं. परीक्षकांनी विचारलं, कोणत्या प्रकरणात? मला सांगता आलं नाही. (एक विद्यार्थी, नांदेड)

कोणत्याच नाही. त्या परीक्षकांना माझा नमस्कार सांगा.

‘द प्रिन्स’मध्ये 26 प्रकरणं आहेत. तुमच्या वाक्याच्या जवळपास जाणारं जे काही आहे ते 18व्यात सापडतं. राजाच्या कृत्यांवर दाद मागायला वरचं न्यायालय नसतं, म्हणून लोक शेवट काय झाला तेवढंच बघतात. राज्य टिकलं की साधनांनाही नावाजतात, असा त्याचा मुद्दा आहे. हे लोकांच्या स्वभावाचं वर्णन झालं. त्याचा मंत्र करून त्याच्या तोंडी घातला तो नंतरच्यांनी.

म्हणून त्याला सोवळं नेसवायलाही जाऊ नका. त्याच प्रकरणात तो राजाला सिंहाबरोबर कोल्हाही व्हायला सांगतो आणि गरज पडली तर दिलेला शब्द मोडायला मोकळीक देतो. पण मग 8वं प्रकरण उघडा. तिथे सिराक्यूजचा अगाथोक्लीज आहे. कुंभाराचा मुलगा, सैन्यात वर चढला, एके सकाळी सिनेटला आणि गावातल्या धनिकांना मसलतीच्या नावाखाली बोलावलं आणि एका इशाऱ्यासरशी सगळ्यांना कापून काढलं. राज्य मिळालं आणि टिकलंही. शेवट बघूनच हिशेब मिटवायचा असता, तर मॅकियाव्हेलीने याला डोक्यावर घ्यायला हवं होतं. तो मात्र म्हणतो की अशा वाटेने सत्ता हाती येईल, कीर्ती येणार नाही. पुढच्या स्पर्धेत हे उदाहरण घ्या.

मी निवृत्त तलाठी. आयुष्यभर दप्तर सांभाळलं. प्रांत पाहिले, कलेक्टर पाहिले, पण त्यांना ‘राज्य कसं करावं’ हे सांगायची छाती कधी झाली नाही. हा मॅकियाव्हेली कोण लागून गेला होता? ता.क. : त्याला पेन्शन मिळालं का? (मिरज)

तुमचं पत्र वाचून मी हसलो आणि मग बराच वेळ विचार करत बसलो. कारण या माणसाला समजून घ्यायची किल्ली तुमच्याच पत्रात आहे. मॅकियाव्हेली मुळात तुमच्या जातकुळीचा. दप्तरी माणूस.

1494 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीत उतरला, त्या गडबडीत फ्लॉरेन्सने मेदिची घराण्याला हाकललं. मग काही वर्षं सावोनारोला या संन्याशाच्या प्रवचनांवर शहर चाललं. 1498 च्या मे महिन्यात त्यालाच भर चौकात फाशी देऊन जाळलं, आणि पुढच्याच महिन्यात 29 वर्षांचा निकोलो मॅकियाव्हेली सरकारी कचेरीत ‘दुसऱ्या दप्तरा’चा प्रमुख झाला. पुढची 14 वर्षं त्याने पत्रं लिहिली, खलिते पाठवले आणि घोड्यावरून परमुलुखात गेला. पेशवाईतल्या अर्थाने वकील म्हणा, फक्त पूर्ण अधिकाराचा नव्हे. तह करायला मोठ्या घरचे लोक जात. हा आधी जाऊन ताटकळायचा, नजर ठेवायचा आणि घरी कळवायचा. फ्रान्सच्या बाराव्या लुईच्या दरबारी त्याला उमगलं की ज्या फ्लॉरेन्सचा आपल्याला एवढा अभिमान, त्याला तिथे कोणी हिंग लावून विचारत नाही. पैसा आहे, फौज नाही, मग शब्दाला वजन कुठून येणार?

फौज म्हणजे भाडोत्री सरदार. पिसा शहर परत जिंकायला फ्लॉरेन्सने पाओलो विटेल्ली नावाचा सेनापती पगारावर ठेवला. 1499 मध्ये तटाला खिंडार पडलं आणि नेमका तेव्हाच हा थबकला. फितुरीच्या संशयावरून फ्लॉरेन्सने त्याचं डोकं उडवलं, पण पिसा राहिलं ते राहिलंच. ‘द प्रिन्स’मध्ये भाडोत्री सैन्यावर जी आग पाखडली आहे तिच्यामागे असली बिलं आहेत. पुढे मॅकियाव्हेलीने स्वतः खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांची पलटण उभारली आणि 1509 मध्ये पिसा शरण आलं. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा आनंदाचा दिवस असावा.

आणि चेझारे बोर्जा. पोप सहाव्या अलेक्झांडरचा हा मुलगा मध्य इटलीत तलवारीच्या जोरावर राज्य उभारत होता. 1502 चे शेवटचे महिने मॅकियाव्हेली त्याच्या छावणीत होता. बोर्जाने रोमान्या प्रांतात जरब बसवायला रेमीर्रो दे ओर्को नावाचा कर्दनकाळ अंमलदार नेमला होता. जरब बसली, आणि लोक खवळले. 26 डिसेंबरला सकाळी चेझेना गावच्या चौकात त्याचे दोन तुकडे पडलेले दिसले. शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. मॅकियाव्हेली तेव्हा गावातच होता, त्याने त्याच दिवशी घरी कळवलं. दहा-अकरा वर्षांनी हाच प्रसंग पुस्तकात आला : कटू काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि लोकांचा राग त्याच्यावरच निघू द्यायचा. आपल्याकडे बदली करतात.

पण त्याच बोर्जाचा वर्षभरात बाजार उठला. 1503 च्या ऑगस्टमध्ये बाप वारला, तो स्वतःही त्याच वेळी अंथरुणाला खिळलेला. आणि पुढे पोपच्या निवडणुकीत त्याने पाठिंबा कोणाला दिला? ज्याच्याशी घराण्याचं जुनं वैर होतं त्या दुसऱ्या ज्युलियसला! मॅकियाव्हेली तेव्हा रोममध्ये बसून हेही लिहून कळवत होता. नवीन उपकारांनी जुनी दुखणी विसरली जातात, या भ्रमात राहिला आणि बुडाला, असा त्याने शेरा मारला आहे.

1512 मध्ये मेदिची परत आले. नोव्हेंबरात मॅकियाव्हेलीची नोकरी गेली, हजार फ्लोरिनचा जामीन मागितला, वर्षभर फ्लॉरेन्सचा मुलूख सोडायला बंदी घातली. पुढच्या फेब्रुवारीत एका कटवाल्याच्या कागदात त्याचं नाव निघालं. हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढायचं आणि मध्येच सैल सोडायचं, असे सहा झटके त्याला दिले. त्याने काही कबूल केलं नाही. मेदिचींपैकीच एक जण पोप झाला, त्या आनंदात कैदी सोडले, त्यांत हाही सुटला.

मग तो शहराबाहेर आपल्या शेतावरच्या घरी जाऊन राहिला. 10 डिसेंबर 1513 चं त्याचं मित्राला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सकाळी लाकूडतोड्यांशी हुज्जत, दुपारी खानावळवाला, खाटीक आणि भट्टीवाल्यांबरोबर पत्ते, एका कवडीवरून आरडाओरडा. रात्री मळके कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास जुन्या ग्रंथकारांच्या संगतीत बसायचं. त्यातून एक छोटं पुस्तक लिहून झालंय, असं तो कळवतो. तेच ‘द प्रिन्स’. मेदिचींनी एखादं काम द्यावं, अगदी धोंडा ढकलायचं असलं तरी चालेल, असंही त्याच पत्रात आहे. आपली गरिबी हाच आपल्या सचोटीचा पुरावा, हेही.

तेव्हा छाती वगैरे काही नाही, साहेब. बडतर्फ कारकुनाने नव्या मालकाकडे केलेला हा अर्ज आहे. फक्त अर्जाला 14 वर्षांचं दप्तर जोडलंय. त्यातला सूर उद्धट वाटतो, कारण राजे कसे असावेत हे सांगणारी पुस्तकं ढिगाने होती. याने राजांना दाराआडून पाहिलं होतं.

पेन्शनचं शेवटी सांगतो.

मी गड फिरतो. मॅकियाव्हेली म्हणे किल्ल्यांच्या विरुद्ध होता. मग आपल्या आज्ञापत्रात दुर्गांना राज्याचं सार म्हटलंय, त्याचं काय? (कोल्हापूर)

विरुद्ध नव्हता, संशयी होता. 20व्या प्रकरणातला त्याचा हिशेब सरळ आहे. परक्यापेक्षा स्वतःच्या प्रजेची भीती जास्त असेल तर राजाने किल्ला बांधावा. प्रजेपेक्षा परक्याची जास्त असेल तर बांधू नये. प्रजेने द्वेष न करणं हाच मोठा किल्ला. फोर्लीची काउंटेस कातेरीना स्फोर्झा हे त्याचं उदाहरण. 1488 मध्ये नवऱ्याचा खून झाला तेव्हा ती किल्ल्यात शिरली आणि वाचली. पुढे बोर्जा चालून आला, प्रजा तिच्यावर उलटलेली होती, तेव्हा तोच किल्ला कामी आला नाही.

आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांसमोरचं चित्र निराळं होतं. इटलीतला किल्ला बहुधा शहराच्या उरावर बसलेला, तोफांचं तोंड गावाकडे. सह्याद्रीतला गड मुलुखाच्या पाठीशी उभा. औरंगजेब 25 वर्षं दख्खनेत होता, राजाराम महाराज जिंजीला, आणि इकडे पंतांनी राज्य तगवलं ते गडांच्या आधाराने. ज्याला गडाने तारलं तो गडाला सारच म्हणणार.

तरी दोघं एके ठिकाणी भेटतात, आणि ते ठिकाण किल्ल्यात नाही. आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण काढा. जहाजांना लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, वर्षानुवर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं आहेत ती. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडा. मॅकियाव्हेली 17व्या प्रकरणात तेच सांगतो, त्याच्या कडवट पद्धतीने : राजाला लोक घाबरले तरी चालेल, लोकांनी त्याचा द्वेष करता कामा नये, आणि त्यासाठी लोकांच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नये. बाप मेल्याचं दुःख माणूस विसरतो, वडिलोपार्जित जमीन गेल्याचं विसरत नाही, असं तो म्हणतो. सात-बारा हाताळलेले आमचे मिरजेचे वाचक याला मान डोलावतील.

एकाने रयतेच्या मायेपोटी लिहिलं, दुसऱ्याने राजाच्या फायद्यापोटी, असं मी पूर्वी वर्गात सांगायचो. आता तितकी खात्री नाही. पंतही कारभारीच होते.

नशीब ही बाई आहे, तिला मारून-झोडून ताब्यात ठेवावं लागतं, असं 25व्या प्रकरणात वाचलं आणि पुस्तक मिटलं. काही समर्थन आहे का? (पुणे)

नाही. त्या काळची भाषा तशीच होती वगैरे मी सांगणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे.

एवढंच म्हणेन की मिटलेलं पुस्तक त्या पानाच्या दोन पानं आधी पुन्हा उघडा. तिथे नशिबाची दुसरी उपमा आहे, पुराच्या नदीची. पूर आला की कोणाचं काही चालत नाही. पण नदी आटलेली असते तेव्हा बांध घालता येतात. आपल्या आयुष्याचा निम्मा कारभार नशिबाकडे, निम्मा, किंवा थोडा कमी, आपल्याकडे. ही उपमा कमावलेली आहे, बाईची बढाईखोर. आणि बाईला ताब्यात ठेवण्याबद्दल बोलायचं तर, वर जी कातेरीना आली तिच्याकडे 1499 मध्ये याला वाटाघाटीला धाडलं होतं. सगळं ठरलं, तो तसं घरी कळवून मोकळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी शब्द फिरवला. तिला ताब्यात ठेवायचं राहिलंच. हा मोकळ्या हाताने परत.

कौटिल्याला ‘भारताचा मॅकियाव्हेली’ म्हणावं का? (ठाणे)

कशाला? कौटिल्य शेकडो वर्षं आधीचा. शिवाय अर्थशास्त्रात वजनंमापं, मीठ, हत्ती, खाणी, अबकारी, सगळं येतं. तो राज्य चालवायचा ग्रंथ आहे. ‘द प्रिन्स’ हातात नुकतंच आलेलं राज्य निसटू नये यासाठीची पुस्तिका. माक्स वेबरने तर 1919 च्या भाषणात म्हटलं होतं की अर्थशास्त्रापुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी वाटतं.

प्रजासत्ताकाची नोकरी केलेला माणूस हुकूमशहांचं पुस्तक कसं लिहितो? त्याचं खरं मत कोणतं? (एक शिक्षिका, नाशिक)

यावर पंडितांत जुनी भांडणं आहेत. ‘द प्रिन्स’ हा राजांचं बिंग फोडणारा उपहास आहे असं रूसोसारख्यालाही वाटलं. मला नाही पटत. उपहास करून कोणी नोकरी मागत नाही.

त्याचं दुसरं पुस्तक वाचावं लागतं, रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या ‘चर्चा’. त्या लिव्हीचीही गंमत आहे. निकोलोचा बाप वकील, कर्जात बुडालेला. एका छापखान्याला त्याने लिव्हीतल्या गावांची, डोंगरांची, नद्यांची सूची करून दिली आणि मेहनताना म्हणून छापील फर्मे घेतले. बांधणीला पैसे कुठे होते? ते काम बरंच रेंगाळलं. शेवटी 1486 मध्ये 17 वर्षांचा निकोलो बांधणावळीबद्दल लाल वाईनच्या काही बाटल्या आणि एक व्हिनेगरची देऊन पुस्तक घरी घेऊन आला. बापाच्या रोजकीर्दीत ही नोंद आहे.

याच पुस्तकावरच्या टिपणांत तो लिहितो की रोममधली सामान्य जनता आणि सिनेट यांच्या कटकटींनी रोम दुबळं झालं नाही, त्या भांडणांतूनच स्वातंत्र्याचे कायदे निघाले. त्याच्या काळी हे बोलणं भलतंच होतं. एकोपा म्हणजे सद्गुण आणि तंटा म्हणजे रोग, हे सगळे धरून चालत. आणि कायद्याने बांधलेली जनता राजापेक्षा जास्त शहाणी, जास्त स्थिर, असंही तो म्हणतो. माझ्या मते हेच त्याचं मत. ‘द प्रिन्स’ ही मोडकळीला आलेल्या घराला टेकू लावायची खटपट. राहायचं होतं त्याला दुसऱ्या घरात.

मेदिची पोपच्या परवानगीने ‘द प्रिन्स’ छापून निघालं ते 1532 मध्ये, लेखक जाऊन जवळपास पाच वर्षं झाल्यावर. 1559 मध्ये दुसऱ्या पोपच्या बंदी-यादीत त्याची सगळी पुस्तकं गेली.

आता मिरजेचा ताजा कलम. मेदिचींनी त्याला जुनी जागा कधीच दिली नाही. 1520 मध्ये फ्लॉरेन्सचा इतिहास लिहायचं काम दिलं, पुढे तटबंदीची देखरेख. 1527 च्या मे महिन्यात रोम लुटलं गेलं, मेदिची पुन्हा पळाले, प्रजासत्ताक परत आलं. मॅकियाव्हेली लगबगीने फ्लॉरेन्सला आला. पण आता तो मेदिचींचा माणूस ठरला होता. जूनमध्ये दप्तराच्या जागेवर नवीन सरकारने दुसऱ्याची निवड केली, आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला तो वारला. पेन्शन नाही.