रजोनिवृत्ती आणि हृदयातील विद्युत्-क्रिया

प्रत्येक ठोक्यासाठी लागणारी विद्युत्-चेतना हृदय स्वतःच निर्माण करते. त्याच्या वरच्या उजव्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे उगम पावलेली लहर दोन्ही अलिंदांत पसरते, क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे निलयांत, वेगाने शिरते. लहर पोचताच स्नायू आकुंचन पावतो. त्यानंतर पुढील ठोक्यासाठी त्याच्या पेशींना विद्युत्-दृष्ट्या पूर्वस्थितीवर यावे लागते.

ही घडामोड कागदावर अचूक उमटविण्याचे साधन डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातील चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आजही रूढ आहेत. रायपूरमधील पंडरीच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी हा आलेख, म्हणजेच ई.सी.जी., काही मिनिटांत काढता येतो. तो काढताना वेदना होत नाहीत.

क्यूच्या आरंभापासून टीच्या शेवटापर्यंतच्या काळास क्यूटी-अंतर म्हणतात. निलय उद्दीपित होऊन पूर्ववत होण्यास लागणारा हा काळ होय. नाडीच्या गतीनुसार त्याची दुरुस्ती करण्याचे सूत्र बॅझेट यांनी १९२० साली मांडले. स्त्रियांमध्ये हे अंतर पुरुषांपेक्षा किंचित अधिक असते, हेही त्यांच्या ध्यानी आले होते. आज पुरुषांत सुमारे ४५० व स्त्रियांत ४६० मिलिसेकंद ही त्याची सर्वसाधारण वरची मर्यादा मानतात.

लहान मुलामुलींत असा भेद आढळत नाही. वयात येताना मुलांचे क्यूटी-अंतर घटते, कारण टेस्टोस्टेरोन पेशींना लवकर पूर्वस्थितीवर आणते. स्त्रियांतील इस्ट्रोजेन पेशींबाहेर जाणारा पोटॅशियमचा एक प्रवाह मंदावते, तर प्रोजेस्टेरोनचा परिणाम याच्या उलट असतो.

भारतीय स्त्रियांची पाळी साधारणतः ४६ ते ४८ या वयाच्या सुमारास कायमची थांबते. अंडाशयातील हार्मोन ओसरल्यावर क्यूटी-अंतरही घटावे, असा तर्क सहज सुचतो; परंतु वाढत्या वयाचा परिणाम उलट दिशेने होतो. पन्नाशीनंतर स्त्री-पुरुषांतील भेद कमी होतो, तो मुख्यतः पुरुषांचे अंतर वाढल्यामुळे. याच काळात हृदयाची गती आवरणाऱ्या मज्जातंतूंचा लगामही काहीसा सैल होतो. म्हणून अंगातून गरम वाफा निघत असताना छातीत धडधड जाणवते.

ही धडधड बहुधा निरुपद्रवी असते. तथापि तपासणीवाचून तसे गृहीत धरणे योग्य नव्हे. क्यूटी-अंतर फार वाढल्यास निलयांची लय एकाएकी बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. आलेखाची रेषा पीळ घातल्यासारखी दिसणारी ही विकृती पॅरिसमधील देसर्तेन यांनी १९६६ साली वर्णिली. त्यांची रुग्ण एक वृद्ध स्त्रीच होती. औषधांमुळे उद्भवणाऱ्या अशा विकृतीच्या रुग्णांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आढळतात. काही जंतुनाशके, मानसिक विकारांवरील काही औषधे आणि हृदयाची लय सुधारण्यासाठी दिलेली काही औषधेही क्यूटी-अंतर वाढवितात.

रक्तातील पोटॅशियम घटल्यास धोका आणखी वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्या स्त्रीस रायपूरच्या कडक उन्हाळ्यात जुलाब लागले, तर तिच्या बाबतीत दोन कारणे एकत्र येतात. त्यातच वर सांगितल्यापैकी एखादे औषध सुरू झाले, तर तिसऱ्याची भर पडते.

म्हणून चाळिशी उलटलेल्या स्त्रीची धडधड ‘वयाचेच आहे’ म्हणून उडवून लावू नये. ई.सी.जी.सोबत रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करावी, कारण रक्तक्षय आणि थायरॉइडचा विकार यांमुळेही धडधड होते. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी. धडधड अधूनमधून होत असेल, तर एका वेळचा निर्दोष आलेख पुरेसा नसतो. अशा वेळी चोवीस तास नोंद घेणारे यंत्र लावतात. मूर्च्छा, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.