कॉफी पिकविणाऱ्यांचे 'कृश महिने'

भूगोलाच्या पुस्तकांत निकाराग्वा, ग्वाटेमाला इत्यादि देशांपुढें 'मुख्य पीक : कॉफी' एवढेंच छापलेलें असतें. तें वाचून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, ज्या देशाचें पीक सर्व जगांत खपतें तेथील शेतकरी खाऊनपिऊन सुखी असला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. जगांत कॉफीचीं सुमारें सव्वा कोटी शेतें असून त्यांपैकीं बहुतेक पांच एकरांहून लहान आहेत. आणि या लहान शेतकऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं वर्षांतून कित्येक महिने पोटभर अन्न नसतें. असें कां व्हावें, व त्यावर उपाय कोणते, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निकाराग्वाच्या उत्तरेस माटागाल्पा व हिनोतेगा हे डोंगराळ प्रांत आहेत. तेथें कॉफीचीं लाल फळें नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत तोडितात. वर्षाचा पैसा काय तो याच वेळीं हातीं येतो. त्यांतून मागील उसनवारी फेडावयाची, तोडणीच्या मजुरांचें देणें द्यावयाचें, आणि फेब्रुवारींत तेथील शाळा उघडतात म्हणून मुलांच्या वह्या-कपड्यांचीहि तरतूद करावयाची. पुढें मे महिन्यांत पाऊस पडला म्हणजे मका पेरितात. तो ऑगस्ट-सप्टेंबरांत निघतो. मधल्या जून-जुलैंत कॉफीचा पैसा सरलेला असतो, गतवर्षींचा मकाहि सरलेला असतो, आणि बाजारांत मक्याचा भाव मात्र चढलेला असतो. मक्याची भाकरी व तांबडा घेवडा हें ज्यांचें रोजचें जेवण, त्यांनीं अशा वेळीं काय करावें? या दिवसांस तिकडील लोक 'कृश महिने' म्हणतात. कोंकणांत आगोटीची बेगमी कां करितात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको. महिनेहि बहुतेक तेच.

कोलंबियांत मुख्य ठाणें असलेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिकेंद्रानें २००७ सालीं निकाराग्वा, ग्वाटेमाला व मेक्सिको येथील कॉफी-शेतकऱ्यांकडे विचारपूस केली. तेव्हां शेंकडा ६७ कुटुंबांनीं सांगितलें कीं, वर्षांतील तीन ते आठ महिने आमचा नेहमींचा आहार आम्हांस मिळत नाहीं.

कॉफीचा भाव वाढला म्हणजे ही भूक आपोआप जाईल, असें पुष्कळांस वाटतें. भावाचा प्रश्न लहान नाहीं. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें प्रत्येक देशानें किती कॉफी निर्यात करावी हें ठरविलें जाई, व त्यामुळें भाव कांहींसे स्थिर राहत. जुलै १९८९ मध्यें ती वांटणी बंद पडली. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारांत भाव पौंडास पन्नास सेंटांच्याहि खालीं उतरला. फेब्रुवारी २०२५ मध्यें तोच चार डॉलरांच्या वर चढला. परंतु ज्यानें जुलैंत पोटासाठीं दलालाकडून उचल घेऊन झाडावरची कॉफी आधींच लिहून दिली, त्याला चढलेल्या भावाचा काय उपयोग? (अशा दलालास तेथें 'कोयोते' म्हणतात. कोयोते हें कोल्ह्यासारखें एक जनावर आहे. हें नांव शेतकऱ्यांनींच ठेविलें असावें!) यास्तव आमचें मत असें आहे कीं, आधीं घरांतल्या मक्याची व्यवस्था पाहिजे. जुलैंत घरांत मका असेल, तरच डिसेंबरांत शेतकरी चांगल्या भावासाठीं थांबूं शकेल.

आतां मका पिकवूनहि तो जुलैपर्यंत कां टिकत नाहीं? घरांत ठेवावा तर सोंडे व उंदीर खातात. म्हणून शेतकरी सुगींतच तो स्वस्त विकून टाकतो, व पुढें तोच महाग विकत घेतो. १९८० नंतरच्या दोन दशकांत होंडुरास व शेजारील देशांत स्विस सरकारच्या साहाय्यानें जस्ती पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. गांवोगांवच्या कारागिरांस त्या करावयास शिकविलें गेलें, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. कोठींत घालण्यापूर्वीं दाणा पुरा वाळला पाहिजे. त्याची परीक्षा आमचे विद्यार्थीहि घरीं करूं शकतील: कोरड्या बाटलींत थोडें कोरडें मीठ व मूठभर मका घालून खूप हलवावें, मीठ कांचेस चिकटलें तर दाणा ओला समजावा. भरलेल्या कोठींत दाण्यांवर पेटती मेणबत्ती ठेवून झांकण घट्ट बंद करण्याचीहि रीत आहे. मेणबत्तीच्या ज्वलनांत कांहीं प्राणवायु खर्च होतो, आणि घट्ट बंद कोठींत प्राणवायु अगदीं अपुरा पडला म्हणजे आंतील किडे गुदमरून मरतात. विज्ञानाच्या तासास शिकलेला नियम अशा रीतीनें एका घराची भाकरी राखतो.

दुसरा उपाय कॉफीच्या शेतांतच आहे. कॉफीचें झाड मूळचें रानांतील, सावलींत वाढणारें. तिच्या सावलीसाठीं लावलेली केळ व फळझाडें घरच्यांस अन्न देतात. परंतु १९७६ सालीं निकाराग्वांत कॉफीवर तांबेरा दिसला, आणि त्याच्या भीतीनें व अधिक उत्पन्नाच्या आशेनें मध्य अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं सावली काढून उघड्यावर दाट लागवड करण्याचा सल्ला देण्यांत आला. कॉफी वाढली, केळीं गेलीं.

कॉफीची जन्मभूमि जो इथिओपिया, त्याच्या दक्षिणेस गेदेओ लोकांनीं हा मार्ग धरिला नाहीं. त्यांच्या डोंगरउतारांवर उंच वृक्षांखालीं कॉफी आणि एन्सेट हीं एकत्र वाढतात. एन्सेट हें केळीच्या कुळांतील झाड. पण त्याचें फळ खात नाहींत. खोडाचा व गड्ड्याचा गर खरडून खड्ड्यांत आंबवितात व त्याची 'कोचो' नांवाची भाकरी भाजतात. झाड तयार होण्यास कित्येक वर्षें लागतात खरीं, परंतु एकदां तयार झालें कीं तें कोणत्याहि महिन्यांत तोडितां येतें. आंबविलेला गरहि पुष्कळ दिवस टिकतो. पावसानें दगा दिला तरी घरांत भाकरी असते. हा प्रदेश २०२३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेण्यांत आला.

हे उपाय ज्याला थोडें तरी शेत आहे त्याचे. निकाराग्वांतील कांहीं सहकारी मंडळ्या सुगींत मका घेऊन गांवांतच सांठवितात, व कृश महिन्यांत थोड्याशा वाढीनें सभासदांस विकतात. व्यवस्था उत्तम आहे. पण सभासद बहुधा शेतवालेच असतात, आणि नोव्हेंबरांत त्यांच्या मळ्यांत टोपली घेऊन तोडणीस येणाऱ्या भूमिहीन मजुरास त्या भांडारांतील मका मागण्याचा हक्क नसतो.