कर्म आणि विसावा

भाविकहो, काम वाढले की झोप तोडायची, जेवण उभ्याने उरकायचे, आणि यालाच कर्मयोग म्हणायचे! हा समज खोटा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, निद्रा आणि कर्म या तिन्हींना एकच माप लावले आहे : युक्त, म्हणजे बेताचे.

आपल्या वर्धा जिल्ह्यातलाच दाखला पाहा. खडतर श्रमांनी प्रकृती खालावून १९३८ साली विनोबांचे वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला, तेव्हा ते पवनारला गेले. धाम नदी ओलांडतानाच आश्रमाची सारी चिंता त्यांनी मनातून टाकली. मग शेतात खणणे सुरू केले. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे! ते हळूहळू दोन तासांवर नेले. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले. पुढे १९५१ पासून याच देहाने तेरा वर्षे भूदानाची पदयात्रा केली.

मर्म ध्यानात घ्या. त्यांनी काम टाकले नाही. कामाचे ओझे मनावरून उतरवले आणि देहाला सोसेल तेवढेच हाती घेतले.

वारीत पालखीलाही विसावा असतोच ना? विसावा चुकवणारा पंढरी आधी गाठत नाही, वाटेतच बसतो. कचेरी असो, कारखाना असो की शेत, हाच नेम पाळावा.

रामकृष्णहरि!