रुईचे झाड आणि त्याचे पाहुणे

शनिवारी मारुतीस वाहावयाची माळ, गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींतील अर्कपत्र, रथसप्तमीच्या स्नानास लागणारी सात पाने, नवग्रहांच्या होमातील सूर्याची समिधा, इतक्या प्रसंगी जिची आठवण होते ती रुई आपण अंगणात मात्र सहसा लावीत नाही. माळव्यात जिला आंकडा म्हणतात तीच ही. रस्त्याकडेचे झाड ओरबाडून काम भागवावे, अशी आपली रीत. शहराभोवतीच्या पडीक जागांवर घरे उठत आहेत. ही रीत फार काळ चालेल असे आम्हांस वाटत नाही.

रुईच्या फुलाची रचना मोठी विलक्षण आहे. पुष्कळशा फुलांचे पराग धुळीसारखे सुटे असतात. रुईचे पराग मेणचट पुडक्यांत बांधलेले असून अशी दोन पुडकी एका बारीक चिमट्याने जोडलेली असतात. लाकूड पोखरून राहणारा मोठा काळा भुंगा मधासाठी फुलावर बसला की तो चिमटा त्याच्या पायास अडकतो, आणि पुढच्या फुलावर गेल्यावर पुडके तेथील फटीत जाऊन बसते. वाऱ्याने हे काम होत नाही. यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात वाळका ओंडका किंवा बांबू राहू द्यावा. भुंगा घराचे वासे पोखरतो ही गृहिणींची तक्रार खोटी नव्हे. पण वाशांस रंग दिलेला असला तर तो सहसा तिकडे फिरकत नाही.

दुसरा पाहुणा म्हणजे नारिंगी पंखांचे, काळ्या कडांवर पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू. ते पानाच्या पाठीवर एकेकटे अंडे घालते. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची अळी तो विषारी पाला खाऊन वाढते, आणि ते कडू विष अंगी भिनल्याने पक्षी तिच्या वाटेस जात नाहीत. पाने खाल्लेली दिसली म्हणून औषध फवारणे हा अविचार होय. झाड पुन्हा फुटते.

लावणी सोपी आहे. बोंड तडकून म्हाताऱ्या उडू लागण्यापूर्वी बी जमवावे व मृगाच्या पावसानंतर उन्हाच्या जागी पेरावे. मूळ खोल जाते, म्हणून रोप हलवायचे तर लहानपणीच. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. पहिल्या वर्षानंतर पाणी घालण्याची गरज उरत नाही.

चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. मुलांस पाने तोडू देऊ नयेत. डोळ्यांत गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. माळेसाठी पाने काढताना प्रत्येक पान उलटून पाहावे, खाली अंडे किंवा अळी असेल तर ते सोडून दुसरे घ्यावे, आणि एका झाडाची निम्म्याहून अधिक पाने एका वेळी काढू नयेत.