सम्यक् आजीव आणि अक्षराचे काम



आर्य अष्टांगिक मार्गातील पाचवे अंग म्हणजे सम्यक् आजीव. आपली भाकरी आपण अशा रीतीने मिळवावी की तीमुळे कोणाचे नुकसान होऊ नये आणि ती खाताना आपली मान खाली जाऊ नये, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे. हा अर्थ सर्वांना पटतो. अडचण येते ती तो आपापल्या धंद्याला लावताना. म्हणून आजच्या पाठात आपण एकच धंदा घेऊ, आणि तो म्हणजे अक्षर आणि चित्र यांची मांडणी करणाऱ्याचा. पूर्वी त्याला पेंटर म्हणत, नंतर कमर्शियल आर्टिस्ट म्हणू लागले, आज ग्राफिक डिझायनर म्हणतात.

हाच धंदा का घेतला, तेही सांगतो. मी शाळामास्तर आहे. परळ, लालबाग, नायगाव, दादर या भागांतील आपली मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा देतात, चांगली श्रेणी मिळवतात आणि पुढे उपयोजित कला शिकण्याचा हट्ट धरतात. मग पालक दोन शंका घेऊन येतात. पहिली, यात पोट भरेल काय? दुसरी शंका नव्याने धम्मात आलेल्या घरांतून अधिक येते. या शहरात अशा मुलाच्या हाती पहिले काम येते ते बहुधा एखाद्या उत्सवाच्या फलकाचे. मग आपण घेतलेल्या प्रतिज्ञांचे काय? शंका खरी आहे. तिला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही.

लिपिकार चपड

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अक्षराचे काम आपल्या परंपरेला परके नाही. सम्राट अशोकाने धम्माचा संदेश दगडावर कोरविला. राजा सांगे, पण दगडावर अक्षर उतरविणारा कोणी वेगळाच असे. कर्नाटकात ब्रह्मगिरी येथे असा एक लेख आहे. त्याच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाव घातले आहे: लिपिकार चपड. राजाच्या लेखाखाली कारागिराचे नाव आले आणि बावीसशे वर्षांनंतरही आपण ते वाचतो.

अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. लेख कोठे अपुरा राहिला असेल, तर त्याच्या कारणांत लिपिकाराची चूक हेही एक कारण असू शकेल, असे तेथे म्हटले आहे. अक्षर लिहिणाऱ्याच्या हातून संदेश पोहोचतो, तसा तो बिघडूही शकतो, याची जाणीव त्या काळीही होती.

सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर असाच एक लेख आहे. तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे त्यात नोंदविले आहे. हस्तिदंतावर बारीक नक्षी करणाऱ्यांनी तोच हात दगडावर चालविला. त्यांचा धंदा आणि त्यांचे धम्मकार्य एकाच छिन्नीतून झाले.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर मुंबईजवळचे पाहा. प्राचीन सोपारा बंदराच्या परिसरात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्यांपैकी नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगाव येथे १९५६ साली मिळाला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तेच हे वर्ष. या नवव्या लेखाचा विषय तर आपल्या घराघरातला आहे. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, त्यांचे फळ थोडे असते. दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे हाच खरा मंगलविधी होय, असे अशोक सांगतो. एखाद्या रविवारी मुलांना फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावे आणि आपल्या पूर्वजांचे ब्राह्मी अक्षर त्यांना दाखवावे.

पोयबावडीपासून प्रबुद्ध भारतापर्यंत

आता याच परळ–दादर भागातील एका थोर कामाकडे वळू. बाबासाहेबांची वृत्तपत्रे आपण त्यांतील विचारांसाठी वाचतो. आज त्यांच्या नावांकडे आणि शीर्षभागाकडे पाहू. वृत्तपत्राचे नाव काय असावे, त्याच्या माथ्यावर कोणते शब्द असावेत, हे ठरविणे म्हणजेच आजच्या भाषेत डिझाइनचा पहिला निर्णय.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. कचेरी होती परळला, पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमध्ये. शीर्षभागी बिरुदावली होती ती संत तुकारामांच्या अभंगाची. मुक्याला जगात कोणी विचारीत नाही, तेव्हा भीड सोडून बोलले पाहिजे, असा तिचा आशय. नाव आणि बिरुदावली यांची सांगड पाहा. ज्यांना वाचा नव्हती त्यांना पहिल्या पानाच्या माथ्यावरच सांगितले गेले की, आता बोला. त्या काळी 'केसरी'ने पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. नुसत्या नावाची चार बोटे जागासुद्धा आपल्याला नाकारली जात होती. अक्षराला केवढे वजन असते, ते यावरून कळावे.

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा दोनच आठवडे झाले होते. या वेळी शीर्षभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या, आणि त्यांचा आशय होता धनुष्य हाती घेऊन रथावर चढण्याचा. मूक माणूस आता लढायला उभा राहिला होता. या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः एकहाती लिहून काढीत. पुढे २९ जून १९२८ रोजी 'समता' आणि २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' ही पत्रे निघाली. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' करण्यात आले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा आठ महिने अवकाश होता.

मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. ही पाच नावे एकाखाली एक लिहून घरातील भिंतीवर लावा. छत्तीस वर्षांचा प्रवास तेवढ्यात दिसतो. प्रथम आपली स्थिती सांगितली, मग अन्याय सांगितला, मग ध्येय सांगितले, मग त्या ध्येयासाठी उभी राहणारी जनता आली आणि शेवटी बुद्धाचा मार्ग आला. सुरुवातीला बाबासाहेबांनी शब्द घेतले ते संतांचे, कारण वाचकाच्या कानावर तेच होते. लोक होते तेथून त्यांनी सुरुवात केली आणि त्यांना पुढे नेले. उत्तम मांडणी करणाऱ्याचे हेच लक्षण आहे. तो आधी वाचकाला ओळखतो. पण वाचक आहे तेथेच त्याला बसवून ठेवत नाही.

अशा पत्रांमागे छापखान्यातील माणसे असतात. खिळे जुळविणारे, शाई लावणारे, प्रुफे तपासणारे हात असतात. दादरच्या गोकुळदास पास्ता रस्त्यावरील आपल्या बुद्धभूषण छापखान्याची इमारत जून २०१६ मध्ये पाडण्यात आली, तेव्हा हजारो लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. ती जुनी इमारत म्हणजे आपल्या अक्षराचे घर होते, म्हणून ते उतरले.

चिन्हे माणसांनी घडविली

शब्दांप्रमाणेच चिन्हांचेही आहे. धम्मात नव्याने आलेल्या घरात पूर्वीच्या तसबिरी उतरतात आणि नव्या लागतात. येथे एक धोका असतो. भिंत तीच, खिळा तोच, उदबत्ती तीच आणि फक्त चित्र बदललेले, असे झाले तर आपण काय मिळविले? म्हणून प्रत्येक चिन्ह कोठून आले, ते मुलांना सांगता आले पाहिजे.

सांचीच्या प्राचीन शिल्पांत बुद्धाची मानवी आकृती आढळत नाही. तेथे बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावलांचे ठसे आहेत. मूर्ती नंतर आल्या, गांधार आणि मथुरा या भागांत. पंचरंगी धम्मध्वज तर अगदी अलीकडचा. १८८५ साली कोलंबोतील बौद्धांच्या एका समितीने तो तयार केला, आणि नेहमीच्या ध्वजासारखा त्याचा आकार असावा, अशी सूचना कर्नल ऑल्कॉट यांनी केली. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी असे पाच उभे पट्टे, आणि सहावा पट्टा या पाचांच्या मिश्रणाचा. १९५० साली कोलंबोत जागतिक बौद्ध परिषद भरली, तेथे हा ध्वज सर्व देशांतील बौद्धांचा म्हणून स्वीकारण्यात आला. त्या परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. राष्ट्रध्वजावरील चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारले. त्या ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत बाबासाहेब सदस्य होते.

म्हणजे ही चिन्हे आकाशातून पडलेली नाहीत. विचारी माणसांनी बैठकीत बसून, वाद घालून, रंग आणि माप ठरवून ती घडविली. म्हणूनच त्यांचा मान राखायचा तो त्यांतील अर्थासाठी. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे जे चित्र बाबासाहेबांनी रेखाटले, ते आज आपल्या अनेक घरांत आहे. त्या डोळ्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. जगातील दुःखाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणारा बुद्ध, एवढे एक वाक्य मुलाला कळले की ती तसबीर शिक्षक होते.

कलावंताचा आजीव

आता पालकांच्या शंकांकडे येऊ. पोटाची शंका आधी घेऊ. सर जे. जे. कलाशाळेत कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. तेथे शिकलेल्यांनी मोठमोठी कामे केली आहेत. र. कृ. जोशी हे त्यांपैकी एक. संगणकावर मराठी वाचण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'मंगल' हा टंक त्यांनी घडविला. वर्तमानपत्र, औषधाचे वेष्टन, पाठ्यपुस्तक, मोबाइलचा पडदा, सर्वत्र या कामाची गरज आहे. तेव्हा हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. मात्र मेहनत, भाषेचे ज्ञान आणि चौफेर वाचन नसेल, तर नुसत्या सुबक हाताने भागत नाही, हेही मुलाला स्पष्ट सांगावे.

दुसरी शंका धम्माची. अंगुत्तर निकायात भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. दारू विकणे जर वर्ज्य, तर दारूची आकर्षक जाहिरात करणे कसे चालेल? बाटली आपण हातात धरत नाही, एवढ्याने हात स्वच्छ राहत नाहीत. तंबाखू, जुगार आणि फसव्या औषधांच्या जाहिरातींनाही हाच नियम लावावा.

उत्सवाच्या फलकाबाबत आपल्यात मतभेद आहेत. माझे मत असे. आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांत अमुक देवांना मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे म्हटले आहे. शेजाऱ्याच्या मंडळाचे नाव, वेळ आणि पत्ता मजुरी घेऊन सुबक लिहून देणे ही उपासना होत नाही. ती शेजारधर्माची मजुरी आहे. पण 'नवसाला पावणारा' असे लिहा म्हटले, की प्रश्न बदलतो. जे आपण असत्य मानतो ते आपल्याच हाताने लोकांना खरे म्हणून सांगणे, हे चौथ्या शीलाच्या आड येते. तेथे नम्रपणे, न भांडता नकार द्यावा. चार पैसे जातील. ते गेले तर जाऊ द्यावेत.

आणि हाच नियम आपल्या स्वतःच्या फलकांना अधिक कडकपणे लावावा. बुद्धाच्या किंवा बाबासाहेबांच्या चित्राखाली त्यांनी कधी न म्हटलेली वाक्ये घालून ती मोबाइलवरून पाठविण्याची आज साथ आली आहे. वाक्य चांगले आहे, मग बिघडले काय, असे विचारले जाते. बिघडते ते हे की, उद्या विरोधक एक खोटे वाक्य दाखवील आणि शंभर खऱ्या वाक्यांवर संशय घेईल. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेथेही बाबासाहेबांचे ग्रंथ मिळतात. वाक्य ग्रंथात सापडले तर छापा, नाही सापडले तर छापू नका. लिपिकाराच्या चुकीने संदेश बिघडतो, हे अशोकाला ठाऊक होते. आपल्या मुलांनाही ठाऊक असू द्या.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरातील प्रत्येक तसबिरीचा आणि चिन्हाचा अर्थ घरातील सर्वांना सांगता येतो काय?

२. बाबासाहेबांच्या पाच वृत्तपत्रांची नावे त्याच क्रमाने का आली असावीत? प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे.

३. आपल्या कुटुंबातील कमावत्या माणसाचे काम पंचशीलाच्या कसोटीवर घासून पाहा. कोठे अडते? त्यावर घरातील सर्वांनी मिळून काय करता येईल?

४. गेल्या महिन्यात मोबाइलवर आलेले बाबासाहेबांचे एक वाक्य घ्या आणि ते ग्रंथात शोधा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो टाळू नये. चित्रकाराचे निमित्त करून आपण येथवर आलो, पण सम्यक् आजीवाचा पाठ गिरणीत राबलेल्याला, कचेरीत बसणाऱ्याला आणि फळ्यापुढे उभ्या असणाऱ्या माझ्यासारख्यालाही तितकाच लागू आहे.