बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं

बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें म्हणजे भांडींकुंडीं आपण जपून बांधतों; लांकडी सामान मात्र हमालांच्या स्वाधीन करून निश्चिंत होतों. वस्तुतः मेज बहुधा घर सोडण्यापूर्वींच, फरशीवरून ओढतांना खिळखिळें होतें. त्याचा पाय वरून येणारा भार पेलण्यासाठीं केलेला असतो. ओढतांना तो फरशीला अडतो आणि वर्गांत शिकलेली तरफच होऊन बसतो. लांबीमुळें वाढलेला सारा ताण सांध्यावर पडतो. म्हणून मेज दोघांनीं उचलूनच न्यावें. पलंग सोडविण्यापूर्वीं जोडीच्या भागांवर पेन्सिलीनें एकच आंकडा घालावा. मळसूत्री खिळे पुरचुंडींत बांधून त्याच पलंगाला अडकवावे. आरसा उभाच न्यावा. आडवा धरल्यास तो स्वतःच्या भारानें वांकतो.

पावसाळ्यांत बिऱ्हाड हलविणें आम्हांस पसंत नाहीं, पण बदलीचा हुकूम ऋतु पाहून येत नाहीं! लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें. फळी रुंदींत वाढते, लांबींत जवळजवळ नाहींच. त्यामुळें नव्या घरीं कपाटाचे खण अडकूं लागले, तरी लगेच सुताराकडून रंधा मारवूं नये. पुढें कोरड्या दिवसांत लांकूड वाळून आकसतें, आणि तासलेला खण खुळखुळूं लागतो.