सोन्याचं मांजर आणि आमची ठकी

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आमच्या सासूबाईंनी आजवर किती जणांना सुनावलं असेल कोण जाणे. सतरा वर्षांची आमची मांजर ठकी किडनीच्या आजाराने खंगत गेली आणि डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिचे हाल संपवण्याचा विषय काढला, तेव्हा तेच सोन्याचं मांजर आमच्या मानोऱ्याच्या घरात आडवं आलं. ठकी शेवटी घरीच गेली, ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवते, कारण आमच्याकडे मांजरीच्या दुखण्यावर सल्ले देणारे पुष्कळ, माहिती असणारे थोडे.

सुरुवात पाण्यापासून होते. म्हातारी मांजर वारंवार वाटीकडे जाऊ लागली, लघवी वाढली, अंग उतरलं, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका. ही लक्षणं दिसेपर्यंत किडनीचं दोन तृतीयांशाहून जास्त काम थांबलेलं असतं. पुढे तोंडाला उग्र वास येतो, अंगावरची लव विस्कटते, खाणं समोर असूनही ती मान फिरवते. रक्त तपासल्याशिवाय नक्की काही सांगता येत नाही. इथला सरकारी दवाखाना बैल, गाई, बकऱ्या यांच्यातच गुंतलेला; मांजर घेऊन गेलं की रांगेतले लोक आधी मांजरीकडे आणि मग आपल्याकडे बघतात. बघू द्यावं. मोठ्या तपासण्यांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, पण तिथे जायचं तर मांजरीत प्रवास सोसण्याची ताकद असताना. शेवटच्या आठवड्यात मंगरूळपीरवरून एसटीत टोपली मांडीवर घेऊन जाण्यात तिचे हालच जास्त.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. ठकीचं अंग गरम लागलं तेव्हा शेजारची पोरगी म्हणाली, "काकू, तापाची अर्धी गोयी द्या न दुधात." तिचं मन चांगलं, पण पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवणारी यंत्रणाच तिच्या यकृतात पुरेशी नसते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या मातकट पडतात, तोंड सुजतं. माणसांची दुखण्यावरची इतर औषधंही तशीच वाईट, किडनी गेलेल्या मांजरीला तर फारच. दूधही नको, बहुतेक मोठ्या मांजरींना त्याने जुलाब होतात. डॉक्टरांनी मला कातडीखाली सलाईन सोडायला शिकवलं. त्याने ठकीला काही काळ खरंच बरं वाटायचं.

घरात सगळ्यांना तिचं घुरघुरणं ऐकून धीर येई. मांजर दुखत असतानाही घुरघुरते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर मीही फसले असते. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी अशा वेळेसाठी सात गोष्टी ठरवून दिल्या आहेत: वेदना आणि श्वास, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज पस्तिसाच्या वर असेपर्यंत सेवा चालू ठेवायला हरकत नाही. मी गुणांच्या भानगडीत पडले नाही. कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात 'बरी' किंवा 'वाईट' एवढंच लिहीत गेले. मनात दोन्ही बाजूंनी वाद चालतो, कागदावर तो चालत नाही. महिन्याचं पान भरत आलं तेव्हा 'बरी' शोधावं लागत होतं. तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर मात्र पानाची वाट न बघता डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांशी बोलणं आधीच करून ठेवा, रात्री दोनला दार ठोठावून नव्हे. घरी येतील का, फी किती, औषध त्यांच्याकडे आहे की मागवावं लागेल, हे आधी विचारावं. लहान गावात ते औषध नेहमी हाताशी नसतं. 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची गाडी बोलावता येते, पण ती मुख्यतः गुराढोरांसाठी, तेव्हा मांजरीसाठी येतील का ते आधीच खात्री करून घ्या. आणि एक प्रश्न संकोच न करता विचाराच: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? मांजर पूर्ण बेशुद्ध झाल्याशिवाय हृदय थांबवणारं औषध देणं क्रूरपणाच आहे. "खाण्यातून काहीतरी देऊन टाका" असं सुचवणाराही एक भेटला. त्याला मी दारातूनच वाटेला लावलं. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात असं क्रूरपणे मारणं गुन्हा आहे.

सासूबाईंनी डॉक्टरांना सरळच विचारलं, "पाप कोणाले लागते?" डॉक्टर म्हणाले, "आजी, लागलंच तर माह्या नावावर लिवा." त्या काही बोलल्या नाहीत, पण ठकीला ठेवायला आपलं जुनं लुगडं त्यांनीच काढून दिलं.

इंजेक्शनच्या वेळी काय होतं हे माहीत असलेलं बरं. गुंगीच्या औषधाने मांजरीला उलटी होऊ शकते. पाणी कमी झालेल्या अंगात शीर लवकर सापडत नाही, डॉक्टरांना घाई करू नये. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एखादा मोठा श्वास येतो, लघवी होते. ती जिवंत आहे असा त्याचा अर्थ नव्हे. घरात लहान मूल असेल तर "झोपली" किंवा "पळून गेली" म्हणू नका. माझ्या नातवाला "मेली" असंच सांगितलं. तो रडला, आणि मग पुरायचा खड्डा तिथेच का खणला यावर मोठ्यांशी वाद घालू लागला.

खड्डा सकाळीच खणून ठेवला होता. आमच्याकडच्या उन्हात देह फार वेळ ठेवता येत नाही, काही तासांत ताठरतोही, म्हणून पाय लगेच दुमडून घ्यावेत. विहिरीपासून लांब, निदान तीन फूट खोल. उकिरड्यावर किंवा नाल्यात तर मुळीच टाकू नये, कारण इंजेक्शनचं औषध देहात राहतं आणि तो उकरून खाणारं कुत्रं मरू शकतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात खचते, म्हणून वर दगड ठेवून बोराटीच्या काट्या टाकल्या आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा माती भरली. सलाईनच्या उरलेल्या बाटल्या डॉक्टरांना परत दिल्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून त्यांच्याकडेच द्याव्यात, घंटागाडीत टाकू नयेत. तिथे कचरा हातानेच निवडतात.